कर्सर आपोआप पळतो, थरथरतो, उड्या मारतो: लॅपटॉपवरच्या कर्सरबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कर्सर मनाला येईल तसा पळतोय. सुरुवात कुठून करू?

सेटिंग्जना हात लावण्याआधी दोन गोष्टी शोधा. कर्सर नेमकं कोण हलवतंय, आणि तो कधी हलतोय? लॅपटॉपवर कर्सर हलवू शकणारी साधनं आपल्याला वाटतात त्याहून जास्त असतात. टचपॅड तर आहेच. शिवाय बाहेरून जोडलेला माउस, काही मॉडेलांत कीबोर्डच्या मधोमध असलेली छोटी कांडी, टचस्क्रीन, पेन, ग्राफिक्स टॅबलेट, गेम खेळायचा कंट्रोलर. ऑपरेटिंग सिस्टिम या सगळ्यांचं ऐकते आणि सगळ्यांत मिळून कर्सर एकच. त्यामुळे टचपॅड बिघडलेला असला तरी हातातला ठणठणीत माउसच बिघडल्यासारखा वाटतो.

म्हणून एकेक साधन बाजूला काढायचं. माउसचा रिसीव्हर उपसा, ब्लूटूथ बंद करा, चार्जर काढा, दोन्ही हात लॅपटॉपवरून उचला आणि थोडा वेळ नुसतं बघत बसा. कर्सर शांत झाला असेल तर काढलेल्या गोष्टी एकेक करून परत जोडा. जी जोडल्यावर गोंधळ सुरू होईल ती गुन्हेगार. कशालाही हात न लावता तो अजूनही पळत असेल, तर संशय टचपॅड, कांडी किंवा टचस्क्रीनवर.

‘आधी ड्रायव्हर (म्हणजे उपकरण आणि ऑपरेटिंग सिस्टिम यांना जोडणारा छोटा प्रोग्रॅम) अपडेट करा’ हा सल्ला सगळीकडे मिळतो. माझ्या मते तो यादीत बराच खाली असायला हवा. काल रात्रीपर्यंत नीट चालणारा ड्रायव्हर, मधे काहीही अपडेट झालेलं नसताना, सकाळी सहसा बिघडत नाही. चार्जर, ओला हात, फुगलेली बॅटरी यांचं मात्र तसं नाही.

कर्सरच धड चालत नाही, मग सेटिंग्जमध्ये जाणार कसं?

कीबोर्डवरून. विंडोजमध्ये विंडोज की आणि ‘आय’ एकत्र दाबलं की सेटिंग्ज उघडतात. पुढे टॅब आणि बाणांच्या कळांनी फिरायचं, स्पेसबारने चालू-बंद करायचं, एंटरने आत जायचं. विंडोज की आणि ‘एक्स’ दाबून नंतर ‘एम’ दाबलं की डिव्हाइस मॅनेजर, म्हणजे लॅपटॉपमधल्या सगळ्या उपकरणांची यादी, समोर येतो. उघडी खिडकी बंद करायला आल्ट आणि एफ४.

बहुतेक लॅपटॉपवर वरच्या ओळीतल्या एखाद्या एफ-कळीवर टचपॅडचं चित्र असतं. ती कळ, बहुधा एफएन दाबून धरून, टचपॅड बंद करते. तार असलेला एखादा साधा माउस मिळाला तर तो लावा आणि या कळीने टचपॅड बंद करा, म्हणजे पुढचं सगळं सोपं होतं. (‘टचपॅड अचानक मेला’ अशा तक्रारीतही हीच कळ चुकून दाबली गेलेली असते, हे जाता जाता.)

टाइप करताना मधेच उभी रेघ दुसऱ्या ओळीत जाते आणि अक्षरं भलतीकडेच उमटतात. असं का?

या तक्रारीत लॅपटॉप बिघडलेला क्वचितच असतो. टाइप करताना अंगठ्याचा बुडखा किंवा तळवा टचपॅडच्या कडेला टेकतो. टचपॅड त्याला बोटाची टिचकी समजतो. त्या क्षणी माउसचा बाण जिथे असेल तिथे क्लिक होतं आणि मजकुरातली उभी रेघ तिकडे उडी मारते. बाण स्वतः फारसा हललेला नसतो, म्हणून काय झालं ते लक्षातही येत नाही. टचपॅडचा आकार वाढत गेला तसा हा त्रासही वाढला.

तपासायची पद्धत सोपी आहे: टचपॅडवर एक जाड पुठ्ठा ठेवा आणि दोन परिच्छेद टाइप करा. रेघ जागेवर राहिली तर उत्तर मिळालं.

विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, ब्लूटूथ अँड डिव्हायसेस, टचपॅड या वाटेने जा. तिथे ‘टचपॅड सेन्सिटिव्हिटी’ असते, तिच्या चार पायऱ्या असतात. ती खाली, ‘लो’वर आणा, चुकून झालेल्या स्पर्शांकडे सिस्टिम जास्त दुर्लक्ष करू लागते. एवढ्याने भागलं नाही तर त्याच पानावर ‘टॅप्स’ उघडून एका बोटाच्या टिचकीने क्लिक होण्याची सोय काढून टाका. यानंतर क्लिक करायला टचपॅड खरोखर दाबावा लागेल. पहिले दोन दिवस हात कुरकुरतो, मग सवय होते. जो दिवसभर टाइप करतो त्याने हे करावंच, असं मी म्हणेन.

नेहमी बाहेरचाच माउस वापरत असाल तर याच पानावर ‘माउस जोडलेला असताना टचपॅड चालू ठेवा’ अशा अर्थाचा पर्याय आहे. त्याची खूण काढा. मॅकवर ही सोय सिस्टिम सेटिंग्ज, ॲक्सेसिबिलिटी, पॉइंटर कंट्रोल इथे आहे. लिनक्सवर लिबइनपुट (माउस-टचपॅडचं काम पाहणारा भाग) वापरणाऱ्या डेस्कटॉपांत टाइप करताना टचपॅड थांबवण्याची सोय असते. ती चालू आहे ना, एवढं पाहा.

चार्जर लावला की कर्सर थरथरतो, काढला की शांत. टचपॅड गेला का?

बहुधा नाही. टचपॅड दाब मोजून बोट ओळखत नाही. त्याच्या पृष्ठभागाखाली इलेक्ट्रोडांची जाळी असते आणि बोट जवळ आलं की तिथली विद्युतधारिता (विद्युतभार साठवण्याची क्षमता) किंचित बदलते. हा बदल फार सूक्ष्म असतो. चार्जरमधून येणारी गडबड या सूक्ष्म मापात मिसळली की बोट एका जागी असूनही टचपॅडला ते हलल्यासारखं दिसतं. बाण थरथरतो, दोन बोटांनी पान सरकवताना ते अडखळतं, कधी नुसतं बोट ठेवलं तरी क्लिक होतं.

याच्या मुळाशी बऱ्याचदा अर्थिंग असतं. चार्जरच्या आतल्या रचनेमुळे थोडीशी विद्युतगळती लॅपटॉपच्या बाजूला येतच असते. अर्थिंग नीट असेल तर ती जमिनीत निघून जाते. प्लगमध्ये तिसरी पिनच नसेल, किंवा भिंतीतल्या सॉकेटचं अर्थिंग फक्त नावाला असेल, तर लॅपटॉपचा सगळा धातूचा सांगाडा अधांतरी राहतो. अशा लॅपटॉपच्या धातूवरून बोटाचं टोक हलकेच फिरवलं की झिणझिण्या किंवा खरखर जाणवते. ही खूण पक्की समजा.

आधी लॅपटॉप बॅटरीवर चालवून बघा. मग तोच चार्जर दुसऱ्या खोलीतल्या किंवा दुसऱ्या इमारतीतल्या सॉकेटला लावा. तिथे ठीक चाललं तर दोष तुमच्या सॉकेटचा. इलेक्ट्रिशियनला अर्थिंग तपासायला सांगा, कारण हे प्रकरण कर्सरपुरतं नाही. सगळीकडे तोच त्रास असेल तर चार्जर बदलून पाहा. मूळ चार्जर हरवल्यावर घेतलेल्या स्वस्त पर्यायी चार्जरांत गडबड गाळणारे भाग कमी दर्जाचे असतात, आणि तक्रार नेमकी तेव्हापासूनची निघते. सॉकेटात बसत नाही म्हणून तिसरी पिन तोडू नका. आणि झिणझिण्यांऐवजी चांगला झटका बसत असेल, तर चार्जर तिथल्या तिथे वापरातून काढा.

टचपॅड एका कोपऱ्यात वर आलाय, दाबला तर क्लिक होत नाही, आणि कर्सर आपोआप हलतो.

हे वाचत असताना लॅपटॉप चार्जिंगला असेल तर आधी चार्जर काढा.

अनेक लॅपटॉपांत बॅटरी टचपॅडच्या खालीच किंवा अगदी शेजारी असते. लिथियम-आयन बॅटरी जुनी झाली, फार तापली किंवा तिच्या आत बिघाड झाला की वायू तयार होतो आणि तिचं पाकीट फुगतं. फुगलेली बॅटरी टचपॅडला खालून ढकलते. मग क्लिक कडक होतं किंवा कायमचं दाबलेलं राहतं, बाण भरकटतो, टचपॅड आणि आवरण यांच्यात फट दिसू लागते. लॅपटॉप सपाट टेबलावर ठेवल्यावर डुगडुगतो का, झाकण पूर्ण मिटतं का, हेही पाहा.

अशा वेळी सेटिंग्ज बदलत बसण्यात काहीही अर्थ नाही. डेटाची प्रत घ्यायचीच असेल तर बॅटरीवर असताना आवश्यक तेवढीच घ्या आणि लॅपटॉप बंद करा. वर आलेला टचपॅड दाबून खाली बसवायचा प्रयत्न करू नका. बॅटरी टोचू नका, वाकवू नका. पाकीट फाटलं तर आग लागू शकते. जाणकार माणसाकडून बॅटरी बदलून घ्या आणि जुनी ई-कचऱ्याच्या संकलनात द्या, घरच्या कचऱ्यात नको. बॅटरी बदलल्यावर बऱ्याचदा टचपॅड पहिल्यासारखा चालू लागतो.

हात ओले किंवा घामट असतील तर फरक पडतो का?

पडतो. पाणी आणि घाम विद्युतवाहक आहेत, त्यामुळे एक थेंबसुद्धा टचपॅडला बोटासारखा भासू शकतो. हँड क्रीमचा थर, चिकट डाग, मनगटातलं धातूचं कडं टचपॅडवर टेकणं, यांनीही बाण भरकटतो. लॅपटॉप बंद करून, तंतू न सुटणारं कापड किंचित ओलसर करून पुसा. तेलकटपणा जात नसेल तर कापडावर थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या. काहीही थेट टचपॅडवर फवारू नका, ते कडेच्या फटीतून आत जातं.

पाणी किंवा चहा सांडला होता. त्यानंतर कर्सर बिघडला.

सांडलेलं नुकतंच असेल तर लॅपटॉप बंद, चार्जर बाहेर, आणि उघडून साफ करून घेईपर्यंत चालू करायचा नाही. वरून कोरडा दिसतो म्हणजे आतून कोरडा असतो असं नाही. साखर असलेलं पेय वाळल्यावर चिकट थर सोडतं आणि टचपॅडच्या पातळ पट्टीसारख्या केबलच्या टोकांवर गंज चढू लागतो. म्हणूनच बिघाड काही दिवसांनी उगवतो आणि सांडल्याची गोष्ट तोवर विसरलेली असते.

कर्सर कुणी हात न लावता एकाच दिशेने संथपणे सरकत राहतो. हे काय?

कीबोर्डच्या मधोमध, जी, एच आणि बी या कळांमध्ये छोटी रबरी कांडी असेल तर आधी तिच्याकडे बघा. १९९२ साली आयबीएमच्या थिंकपॅड ७००सीसोबत ती लॅपटॉपवर आली आणि तिचा हा स्वभावही तेव्हापासूनचा. कांडी दाब मोजते आणि ‘दाब शून्य’ म्हणजे किती, हे मधूनमधून स्वतःच ठरवून घेते. बोट बराच वेळ तिच्यावर एकसारखं टेकून ठेवलं तर तो दाबच तिला शून्य वाटतो. मग बोट उचललं की बाण उलट्या दिशेने निघतो. उपाय म्हणजे काहीही न करणं. हात काही सेकंद बाजूला ठेवा, ती पुन्हा शून्य धरते. तरी वारंवार सरकत असेल तर वरची रबरी टोपी झिजली आहे का, किंवा झाकण मिटल्यावर स्क्रीन टोपीवर दाबली जाते का, ते तपासा.

कांडी नसेल तर गेम कंट्रोलर आठवा. स्टीमसारखी ॲप्स कंट्रोलरची कांडी डेस्कटॉपवर माउससारखी वापरू देतात. कांडी झिजून मध्यापासून जराशी कलली असेल तर बाण दिवसभर एका कोपऱ्याकडे ओढला जातो. ग्राफिक्स टॅबलेटवर पडून राहिलेलं पेनही असंच करतं. फक्त तिथे बाण सरकत नाही, एका ठिकाणी अडकून थरथरतो.

बाण अचानक स्क्रीनच्या भलत्याच टोकाला उडी मारतो आणि तिथे क्लिकही होतं.

टचस्क्रीन असलेला लॅपटॉप आहे का? टचपॅडवरून बाण सरकत जातो, टचस्क्रीनवर स्पर्श जिथे होतो तिथेच थेट क्लिक. त्यामुळे मधलं अंतर न कापता होणारी उडी ही टचस्क्रीनची सही आहे. काचेवरचा डाग, संरक्षक फिल्मखालचा बुडबुडा, काचेला गेलेली बारीक चीर किंवा वर सांगितलेली चार्जरची गडबड, यांतलं काहीही खोटे स्पर्श निर्माण करतं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘ह्यूमन इंटरफेस डिव्हायसेस’खाली ‘एचआयडी-कम्प्लायंट टच स्क्रीन’ सापडेल. ती ‘डिसेबल’ करून थोडा वेळ काम करून बघा. बरेच जण टचस्क्रीन वापरतच नाहीत. त्यांनी ती बंदच राहू दिली तरी काही बिघडत नाही.

वायरलेस माउस अडखळत चालतो. सेल तर नवा आहे.

नवा सेल हे पहिलं उत्तर झालंच. दुसरं उत्तर बऱ्याच जणांना माहीत नसतं: रिसीव्हरच्या शेजारचं यूएसबी ३ पोर्ट.

छोट्या रिसीव्हरवर चालणारे वायरलेस माउस आणि ब्लूटूथ, दोन्ही २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास बोलतात. यूएसबी ३.० वरून ५ गिगाबिट प्रतिसेकंद वेगाने डेटा जात असताना पोर्टमधून, कनेक्टरमधून आणि केबलमधून जो रेडिओ गोंगाट बाहेर पडतो, तोही याच पट्ट्यात पसरतो. इंटेलने २०१२ साली यावर सविस्तर तांत्रिक टिपण प्रसिद्ध केलं होतं. म्हणजे तुम्ही बाहेरच्या हार्ड डिस्कवर मोठी फाइल चढवायला लावता आणि तेवढ्यापुरता माउस अडखळू लागतो. फाइल संपली की सगळं ठीक. याला लोक ‘कधी कधी होतं’ म्हणतात आणि माउस बदलतात. नवा माउसही तेच करतो.

रिसीव्हर हार्ड डिस्कपासून लांब, शक्यतो लॅपटॉपच्या दुसऱ्या बाजूच्या पोर्टमध्ये लावा. त्याहून चांगलं म्हणजे छोटी यूएसबी एक्स्टेंशन केबल घेऊन रिसीव्हर माउसजवळ आणा. वाय-फाय राउटर ५ गिगाहर्ट्झचीही सोय देत असेल तर लॅपटॉप त्यावर जोडा, २.४ ची गर्दी कमी होते.

आणखी एक गमतीचा प्रकार. पिशवीत टाकलेला ब्लूटूथ माउस चालूच राहिला असेल तर पिशवी हलली की टेबलावरच्या लॅपटॉपचा बाण हलतो.

तारेचा माउस आहे, तरी बाण उड्या मारतो.

माउस उलटा करून भिंगाच्या खाचेत बघा. तिथे अडकलेला एक केस पुरतो. ऑप्टिकल माउस खालच्या पृष्ठभागाचे सेकंदाला शेकडो-हजारो बारीक फोटो काढतो आणि लागोपाठच्या फोटोंतला फरक पाहून आपण किती सरकलो ते ठरवतो. काच, चकचकीत लॅमिनेट, आरसा यांवर त्याला ओळखू येईल असं काही दिसतच नाही. खाली साधा कागद ठेवून बघा, फरक लगेच कळतो.

माउस थोडा वेळ सोडला की पुन्हा हलवल्यावर क्षणभर हलतच नाही.

वीज वाचवायला विंडोजने यूएसबी पोर्ट झोपवलेलं असतं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘यूएसबी रूट हब’च्या प्रॉपर्टीजमध्ये पॉवर मॅनेजमेंटचा टॅब असतो; तिथली ‘वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करू द्या’ या अर्थाची खूण काढा. ब्लूटूथ आणि बॅटरीवरचे माउस मात्र स्वतःच झोपतात, त्याला इलाज नाही.

बाण तुटक तुटक चालतो, आणि त्याच वेळी गाण्याचा आवाजही कडकडतो.

मग माउसला दोष देऊ नका. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि प्रोसेसर किंवा डिस्क शंभर टक्क्यांच्या आसपास आहे का ते पाहा. तिथे सगळं निवांत दिसत असूनही आवाज आणि बाण एकत्र अडखळत असतील तर एखादा ड्रायव्हर प्रोसेसरला फार वेळ अडवून धरतोय. वाय-फाय किंवा ग्राफिक्सच्या ड्रायव्हरवर आधी संशय घ्या.

बिघाड नाही, पण बाण स्वतःहून ‘ओके’ बटणावर जाऊन बसतो. वेगही कमी-जास्त होतो.

या विंडोजच्या सोयी आहेत. माउस प्रॉपर्टीजमध्ये पॉइंटर ऑप्शन्स टॅबवर ‘स्नॅप टू’ चालू असेल तर प्रत्येक नव्या डायलॉगमध्ये बाण मुख्य बटणावर नेला जातो. तिथेच ‘एनहान्स पॉइंटर प्रिसिजन’ आहे. ते चालू असताना हात किती सरकला यासोबत किती वेगाने सरकला हेही धरलं जातं, म्हणून तेवढंच अंतर हलवूनही बाण कधी जास्त पळतो. मॅकवर माउस झपाझप हलवल्यावर बाण मोठा होतो, तोही बिघाड नव्हे. हरवलेला बाण सापडावा म्हणून केलेली सोय आहे.

मग ड्रायव्हरकडे कधी वळायचं?

अपडेटनंतर लगेच त्रास सुरू झाला असेल तेव्हा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या उपकरणाच्या प्रॉपर्टीजमधून ‘रोल बॅक ड्रायव्हर’ करा. ते बटण फिकट असेल तर ‘अनइन्स्टॉल डिव्हाइस’ करून लॅपटॉप रिस्टार्ट करा, विंडोज ड्रायव्हर परत बसवतं.

विंडोज ८.१ पासून ‘प्रिसिजन टचपॅड’ आले. त्यांत बोटांच्या खाणाखुणांचा अर्थ विंडोज स्वतः लावतं, त्यामुळे टचपॅडचा वेगळा ड्रायव्हर शोधून फारसं काही हाती लागत नाही. असे बरेच टचपॅड आय२सी नावाच्या वाहिनीवर जोडलेले असतात. म्हणून लॅपटॉप बनवणाऱ्याच्या संकेतस्थळावरून तुमच्याच मॉडेलसाठीचा चिपसेट आणि सिरियल आयओ (या वाहिनीचं काम पाहणारा) ड्रायव्हर घ्या, बायोसचं, म्हणजे विंडोजच्याही आधी चालू होणाऱ्या लॅपटॉपच्या मूळ प्रोग्रॅमचं, अपडेट आलंय का तेही बघा. ‘सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये’ म्हणणाऱ्या ॲपपासून लांब राहा.

हार्डवेअर की सॉफ्टवेअर, हे घरी ठरवता येतं का?

बऱ्यापैकी. लॅपटॉप चालू होताना बायोसमध्ये शिरा. अनेक नव्या लॅपटॉपांच्या बायोसमध्ये बाण चालतो. तिथे विंडोज नसतं, त्यामुळे तिथेही तो पळत असेल तर ड्रायव्हरचा विषय संपला. बायोसमध्ये बाण नसेल तर पेनड्राइव्हवरून लिनक्स लाइव्ह चालवा; काही बसवावं लागत नाही आणि उत्तर तेच मिळतं.

कुणी लॅपटॉप हॅक करून बाण हलवत असेल का?

ही भीती अनेकांना वाटते. थरथर, भरकटणं, एका कोपऱ्याकडे ओढलं जाणं, हे माणसाच्या हाताचं लक्षण नाही. माणूस बाण हलवतो तेव्हा त्याला काहीतरी करायचं असतं: ब्राउझर उघडतो, बँकेच्या पानाकडे जातो, फाइल शोधतो, टाइप करतो. तसं दिसलं तर क्षणभरही थांबू नका. वाय-फाय बंद करा, केबल असेल तर उपसा. कुणाच्या सांगण्यावरून एनीडेस्क, टीमव्ह्यूअरसारखं स्क्रीन दुसऱ्याच्या हाती देणारं ॲप घेतलं होतं का ते आठवा आणि असेल तर काढून टाका. पासवर्ड दुसऱ्या, खात्रीच्या उपकरणावरून बदला, बँकेला कळवा, आणि हा लॅपटॉप पूर्ण तपासल्याशिवाय नेटला जोडू नका.

दुरुस्तीला देताना काय सांगू?

‘माउस चालत नाही’ एवढंच सांगितलं तर तिथे नेल्यावर तो हमखास चालतो. मोबाइलवर व्हिडिओ काढा, त्यात चार्जर जोडलाय की नाही आणि हात कुठे आहेत हे दिसू द्या. बायोसमध्ये काय झालं, पाणी सांडलं होतं का, बॅटरी किती जुनी आहे, तेही सांगा. आधी टचपॅडची केबल काढून-साफ करून-बसवून बघायला सांगा. अनेकदा तेवढ्यावर भागतं. बऱ्याच मॉडेलांत टचपॅड सुटा मिळतो. काहींत तो कीबोर्डसकट वरच्या आवरणालाच पक्का असतो, तिथे खर्च वाढतो. तो करायचा नसेल आणि बॅटरी फुगलेली नसल्याची खात्री असेल, तर बायोसमध्ये टचपॅड बंद करायची सोय आहे का ते पाहा आणि बाहेरचा माउस लावून लॅपटॉप वापरत राहा.